पोराची दरखास्त आणि सावनेरचा वैशाख

कृंतकवर्गातील प्राण्यांविषयी सावनेर तालुक्यातील शेतकऱ्याचे मत विचारावे आणि ते त्याने सभ्य भाषेत द्यावे, अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. हरभऱ्याला घाटे धरले, गव्हाची ओंबी भरली, सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या, की धुऱ्याच्या पोटात बिळे पाडून बसलेली ही जमात रातोरात आपला हिस्सा वसूल करू लागते, आणि एखादे बीळ खणून पाहिले तर आत साठवलेले धान्य ओंजळी भरभरून निघते. तेव्हा कृषी केंद्रातून झिंक फॉस्फाइडची पुडी आणून, तेल लावलेल्या भरडीत ती कालवून बिळाच्या तोंडाशी ठेवावयाची, हा इथला रिवाज आहे. खुद्द गावात तऱ्हा वेगळी नाही. किराणा दुकानदार पोत्यांखाली पिंजरे लावतो, गृहिणी कणगीच्या बुडाशी पत्रा ठोकून घेते, आणि न्हाणीच्या मोरीतून घूस वर आली तर सबंध आळी काठ्या घेऊन जमते.

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोलार नदीच्या काठी, एका अंगाला संत्र्यांच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी घेऊन बसलेल्या या तालुक्याच्या ठिकाणी चौथीतल्या एखाद्या मुलाने रात्रीच्या जेवणात, वरणभात मध्येच थांबवून, ‘बाबा, मला हॅमस्टर पाहिजे’ अशी दरखास्त वडिलांपुढे दाखल करावी, हा काळाचा महिमा होय. दरखास्तीचे मूळ अर्थातच मोबाइलच्या पडद्यावर असते. गाल फुगवून सूर्यफुलाच्या बिया कोंबणारा तो सोनेरी गोळा मुलाने तिथे पाहिलेला असतो, आणि नागपुरात तो विकत मिळतो ही बातमी वर्गातल्या कोणी तरी आणलेली असते. मुले मागतात, वडील ‘पाहू’ म्हणतात, आणि परीक्षा संपताच ती ‘पाहू’ची मुदतही संपते. सावनेरात अशा काही घरी मी बसलो, पाळीव प्राण्यांच्या दुकानदारांशी बोललो, जनावरांच्या डॉक्टरांना भेटलो; आणि या प्रश्नाचा निकाल बहुतेक घरांत नको त्या मुद्द्यावर लागतो, असे माझे मत झाले. मुलाला कोणता प्राणी आवडला, दुकानदार काय भाव सांगतो आणि आजी काय म्हणते, या तीन गोष्टींचा खल होतो. तो प्राणी दिवसाच्या कोणत्या प्रहरी जागा असतो आणि वैशाखात कोठे राहील, हे कोणी विचारीत नाही.

आजीचे म्हणणे प्रथम घेऊ, कारण ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रुग्ण ओळखला, आणि पुढे त्या रोगाने मुलूखच्या मुलूख उठवला. छपरातून उंदीर मरून पडू लागले की भांडीकुंडी बांधून रानातल्या झोपड्यांत राहावयास जाणे, हा त्या पिढीचा अनुभव नातवंडांपर्यंत गोष्टींतून पोचला. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग दिसला आणि पाठोपाठ सुरत शहर हादरले, तेव्हा ज्या स्त्रिया तरुण होत्या त्या आजच्या आज्या होत. तेव्हा ‘घरात उंदीर विकत आणायचा?’ या त्यांच्या प्रश्नामागे निव्वळ किळस नाही. उंदरावरची पिसू प्लेग वाहून नेते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत दाखवून दिले होते, परंतु ते सर्वमान्य होण्यास १९०५ साली नेमलेल्या प्लेग-संशोधन आयोगाचे मुंबईतील प्रयोग घडावे लागले. आणि गंमत अशी, की त्या प्रयोगांत ज्याला कामाला लावले तो प्राणी म्हणजे आपल्या या लेखाचा पुढे होणारा नायक, गिनीपिग. प्लेगने रिकाम्या झालेल्या खोलीत गिनीपिग मोकळे सोडावयाचे, त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा वेचून मोजावयाच्या, असा तो क्रम होता. एवढी सरकारी चाकरी बजावलेल्या प्राण्याविषयी महाराष्ट्राने थोडी कृतज्ञता बाळगावयास हरकत नाही. आजीला मात्र एवढेच सांगता येईल, की पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, घरातल्या रानटी उंदरांशी ज्याचा संपर्क येऊ दिलेला नाही असा प्राणी आणि मोरीतली घूस यांच्यात रोगाच्या दृष्टीने पुष्कळ अंतर आहे. ते अंतर राखण्याचा बंदोबस्त घरच्यांनीच करावयाचा असतो. एका घरी आजींनी स्वतःच तोड काढली होती. अदाशाच्या गणपतीला जाऊन आल्यावर त्या मुलाला म्हणाल्या, ‘त्याच्या पायाशी बसते ते चालते मले. पण माह्या कणगीपाशी आणू नको.’

आता हॅमस्टर. बाजारात मागणी त्यालाच अधिक, आणि माझ्या मते लहान मुलासाठी सर्वांत चुकीची निवडही तीच. १९३० साली यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी सीरियातील हलब शहराजवळच्या गव्हाच्या शेतात बीळ खणवून एक मादी आणि तिची ११ पिल्ले बाहेर काढली. त्याच विद्यापीठातले परजीवीतज्ज्ञ सॉल ॲडलर यांना काळ्या आजाराच्या संशोधनासाठी असा प्राणी हवा होता. पिल्लांपैकी काही मेली, काही पळाली. जी उरली त्यांचा वंश इतका फोफावला, की आज जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत जे सोनेरी हॅमस्टर आहेत ते जवळजवळ सर्व त्या एका बिळाचे वारस आहेत. मादी अवघ्या १६ दिवसांत विते, हे त्या फोफावण्याचे रहस्य. मूळ भूमीत मात्र हा प्राणी आज दुर्मीळ होत चालला आहे, आणि तिथला शेतकरीही त्याला धान्यचोर म्हणूनच ओळखतो. सावनेरच्या धुऱ्यातल्या उंदरासारखाच तोही धान्य बिळात नेतो, फक्त गालांच्या पिशव्या भरभरून. पडद्यावर मुलाला जे गोंडस वाटले, ते वस्तुतः चोरीचा माल वाहून नेण्याचे काम होय. हा मुद्दा मी एका शेतकऱ्याला सांगितला, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, ‘आमी उंदीर माराले औषध आणतो, अन् तुमी पैसे देऊन उंदीर आणता का जी?’ मला समर्पक उत्तर सुचले नाही.

परंतु हॅमस्टरविरुद्ध माझी खरी तक्रार ती नव्हे. तो रात्रीचा प्राणी आहे. मूल शाळेतून पाच-साडेपाचला परतते, तेव्हा तो भुशाखाली गाढ झोपलेला असतो. मूल उतावीळपणे त्याला उकरून हातावर घेते, आणि झोपमोड झालेला हॅमस्टर जे करतो ते कोणीही केले असते: तो चावतो. ‘चावत नाही जी, पण झोपेतून उठवलं का चावते,’ असे एका दुकानदाराने मला अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले. गिऱ्हाइकांना तो हे उत्तरार्धासकट सांगतो की कसे, हे मी विचारले नाही. मूल झोपी गेल्यावर याचा दिवस सुरू होतो. उन्हाळ्यात सबंध कुटुंब कूलर असलेल्या एकाच खोलीत अंथरुणे टाकून झोपते, त्या खोलीत रात्री दोनला चाक खडखडू लागले म्हणजे दुसऱ्या दिवशी पिंजरा ओसरीत जातो, आणि वैशाखातली ओसरी म्हणजे त्या जिवाचा अंत. शिवाय हा एकांतप्रिय प्राणी आहे. ‘एकट्याला करमणार नाही’ या मानवी दयाबुद्धीने सोनेरी हॅमस्टरची जोडी आणली, तर मोठी झाल्यावर ती एकमेकांना जबर जखमी करतात. आयुष्य दोन-तीन वर्षांचे. शांत, रात्री जागणाऱ्या, एकट्याने अभ्यास करणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हा प्राणी शोभेल. चौथीतल्या मुलाला नाही.

पांढऱ्या उंदरांविषयी फार लिहीत नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात ते पिंजऱ्यांतून पूर्वीपासून विकले जात आले आहेत, आणि हौशी उंदीरपालनाने विज्ञानाला केवढी मदत केली याची एक मनोरम कथाही आहे: अमेरिकेतील ग्रॅनबी गावची ॲबी लाथ्रोप ही निवृत्त शिक्षिका विसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे उंदीर पाळून विकत असे, संशोधक तिच्याकडून ते घेऊ लागले, आणि कर्करोग व आनुवंशिकी यांच्या अभ्यासात आजवर वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या एका सुप्रसिद्ध वंशाचे मूळ तिच्या शेतघरातच सापडते. पण पांढरा उंदीर मुलाच्या हातात टिकत नाही. तो चपळ, नाजूक, आणि नराच्या मूत्राचा वास सहन करण्यास संशोधकाचीच निष्ठा लागते. मोठा पांढरा उंदीर, म्हणजे प्रयोगशाळेतला, याची गोष्ट निराळी. माणसाशी सलगी करण्यात, नाव ऐकून येण्यात, खांद्यावर बसून राहण्यात या वर्गातला दुसरा कोणताही लहान प्राणी त्याच्या पासंगाला पुरत नाही, आणि निव्वळ गुणांवर निकाल द्यावयाचा तर पहिला क्रमांक त्याचाच. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२० च्या दशकात या उंदरांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या समाजांचे जेवण घालून पाहिले होते. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, पठाणी आहारावरचे दुसरे आणि मराठी आहारावरचे तिसरे. आपल्या भाकरी-वरणावर वाढलेल्या त्या उंदरांनी महाराष्ट्राची अब्रू राखली म्हणावयाची. परंतु शेपटी सोडूनही वीतभर लांबीचा उंदीर अंगाखांद्यावर खेळवणारे मूल सावनेरच्या आळीत कोणत्या नजरेने पाहिले जाईल, याचा विचार करता मी ती शिफारस करण्याचे धाडस करीत नाही. काही बाबतींत समाजाचा अंमल गुणांवर चालतोच.

दोन सूचना येथेच देऊन मोकळा होतो. अंगणातल्या खारूताईचे पिल्लू घरट्यातून पडले म्हणून ते पेटीत ठेवून पाळावयाचे, ही चाल गावोगाव आहे. परंतु खार हा वन्य प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये तिला पकडून पिंजऱ्यात ठेवण्याची मुभा नाही. आणि ससा, ज्याला मुले व दुकानदार दोघेही याच जातीत गणतात, तो कृंतक नव्हेच. वरच्या पुढच्या दातांमागे त्याला आणखी एक बारीक जोडी असते, आणि त्याचे शास्त्र वेगळे आहे. चिचुंद्री तर कीटकभक्षक. तिला उंदराच्या कुळात घालणे हा तिच्यावर शुद्ध अन्याय होय.

उरला गिनीपिग. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड पठारांवर तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, आणि तिथे तो मुख्यत्वे खाण्यासाठीच पाळला जात असे, अजूनही जातो. युरोपात सोळाव्या शतकात तो गेला आणि घरचा झाला. शेपूट नाही, उडी नाही, चढणे नाही. पाऊण ते एक किलो वजनाचा, मुलाच्या मांडीवर मावेल असा हा देह. पिल्लू ५९ ते ७२ दिवस आईच्या पोटात राहते आणि म्हणूनच अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन जन्मते; जन्मल्यावर काही तासांतच ते धावू लागते. दिवसाच्या उजेडात तो बराच जागा असतो, ही त्याची पहिली पात्रता. क्वचितच चावतो, ही दुसरी. पाच ते आठ वर्षे जगतो, म्हणजे चौथीत आलेला प्राणी मूल दहावीला जाईपर्यंत सोबत करू शकतो, ही तिसरी. आणि तिच्यातच आईबापांनी सावध व्हावे असा इशाराही आहे, कारण मुलाची हौस तेवढी वर्षे टिकतेच असे नाही.

सावनेरात एका शिक्षक कुटुंबात मी दोन माद्या पाहिल्या. एक काळी-पांढरी, एक विटकरी, दोघींच्या अंगावर भोवऱ्यासारखे फिरलेले केस. स्वयंपाकघरात घरच्या बाईंनी सांबाराची जुडी सोडली (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) आणि सुरी पाटावर पहिल्यांदा टेकली मात्र, दोन खोल्या पलीकडून ‘वीऽऽक, वीऽऽक’ अशी लांबलचक शीळ सुरू झाली, आणि जुडी हातात घेऊन मुलगा पिंजऱ्याशी पोचेपर्यंत ती थांबली नाही. त्याने एकेक देठ जाळीतून आत सरकवला. दोघींनी तो दोन टोकांनी तोंडात धरला आणि नाके एकमेकांना लागेपर्यंत चावत आल्या. मग विटकरीने झटक्याने उरलेला तुकडा ओढून कोपरा गाठला. मुलगा म्हणाला, ‘ही दादागिरी करते, सर. पण रात्री तिच्याच अंगावर डोकं ठेवून ती काळी झोपते.’ या घरात आधी एकच होती. ती खाईनाशी झाली म्हणून दुसरी आणली, आणि हे त्यांनी योग्यच केले, कारण गिनीपिग कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवला तर तो खंतावतो.

जोडी मात्र एकाच लिंगाची असावी, आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबून ती घेऊ नये. मादी महिना-सव्वा महिन्याची होताच गाभण राहू शकते, आणि वितल्यावर काही तासांतच पुन्हा. तेव्हा ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून आणलेल्या जोडीचे सहा महिन्यांत गोकुळ होते आणि मग आळीतल्या मुलांना ती पिल्ले वाटत फिरण्याची पाळी येते. सात-आठ महिन्यांनंतर पहिल्यांदा गाभण राहिलेल्या मादीचे ओटीपोटाचे हाड ताठ झालेले असते आणि तिला बाळंतपण जिवावर बेतते, हे तर दुकानात कोणी सांगतच नाही. पिंजराही दुकानातला घेऊ नये. तो उंचीला असतो आणि तळाला तोकडा. या प्राण्याला वर चढावयाचे नसून जमिनीवर पळावयाचे असते. दोघांना निदान १० चौरस फुटांची जागा हवी, आणि ती गावचा सुतार जुन्या फळ्यांतून आणि जाळीतून सुखाने करून देतो. वर जाळीचे झाकण हवेच. मांजर आणि धामण ही दोन्ही सावनेरला नवी नाहीत.

खाण्याच्या बाबतीत या प्राण्याचा आणि या तालुक्याचा योग विलक्षण जुळतो. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिक या दोन नॉर्वेजियन संशोधकांनी याच प्राण्यात स्कर्व्ही निर्माण करून दाखवली आणि त्यावरूनच त्या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व त्याला बाहेरून मिळाले पाहिजे, आणि संत्र्यांच्या या मुलखात ते मिळवण्याची अडचण कोणाला पडावी? तरी संत्रे हे त्याचे अन्न नव्हे. साखर आणि आंबटपणा यांनी तोंड येते, पोट बिघडते. आठवड्यातून एखाद-दोन वेळा एक फोड पुरे. रोजचे काम ढोबळी मिरची, सांबार आणि पेरूची एखादी फाक यांनी भागते. आहाराचा मुख्य भाग मात्र गवत आहे, रात्रंदिवस, भरपूर, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. कुटार चालत नाही, त्यातले कण नाकाडोळ्यांत जातात. गुरांना घालतात तो लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज दिला तर त्यातल्या चुन्याने मुतखडे होतात. वाळवलेले रानगवत आणि ताजी हरळी, जिला गणपतीपुढे दूर्वा म्हणतो ती, याहून उत्तम काही नाही. फक्त ती कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावरून आणू नये. फवारणीचे औषध गवताला लागलेले असते. भात, पोळी, बिस्कीट, फुटाणे हे सारे आईबाप प्रेमाने देतात आणि प्राणी आवडीने खातो, आणि त्याचे आतडे त्यासाठी घडलेले नाही.

आता वैशाख, आणि खरे प्रकरण तेच. मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही बातमी नव्हे, आणि गिनीपिगला २७-२८ अंशांपुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकून अंग निववण्याची सोयही त्याला फारशी नाही. अंगावर दाट केसांचा झगा घातलेला हा थंड डोंगरांचा रहिवासी टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता ठेवला, तर संध्याकाळपर्यंत टिकेल की नाही याची हमी कोणी देऊ नये. म्हणून माझा सरळ निकष असा: ज्या घरात मे महिन्यात, दिवसभर, कूलरची हवा पोचणारी आणि स्लॅब किंवा कवेलूखालची एक खोली नाही, त्या घराने ही दरखास्त नामंजूर करावी, आणि मुलाला कारण नीट सांगावे. हे श्रीमंती-गरिबीचे बोलणे नव्हे. जाड मातीच्या भिंतींचे जुने कवेलू घर सिमेंटच्या नव्या घरापेक्षा या कामी पुष्कळदा बरे ठरते.

कूलर हा मात्र पुरता तारणहार नाही, हे त्या शिक्षकाच्या घरी कळले. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा थेट पिंजऱ्यावर सोडली की तळचे गवत दमट होते, त्याला बुरशी येते, आणि दमट बिछान्यावर बसून बसून या प्राण्याच्या तळव्यांना जखमा होतात, छाती भरते. त्यांनी पिंजरा कूलरच्या समोरून काढून बाजूच्या भिंतीशी, फरशीवर ठेवला. आत पालथे घातलेले मातीचे मडके एका अंगाने फोडून त्याचे बीळ केले, कारण माती गार राहते. आणि बर्फ झालेली पाण्याची बाटली जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून दुपारी आत ठेवू लागले. दोघी तिला बिलगून पडतात. वीज गेली, आणि उन्हाळ्यात ती जातेच, की ओला पंचा जाळीवर टाकावयाचा. लाळ गळू लागली, प्राणी कुशीवर लोळून जोराने धापू लागला, तर गार, पण बर्फाचे नव्हे, अशा पाण्याने कान आणि पाय ओले करावयाचे आणि लगेच डॉक्टर गाठावयाचा.

डॉक्टर कोठे गाठावयाचा, हा पुढचा प्रश्न. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवस जातो तो गाई, बैल आणि शेळ्या यांत. तिथल्या एका डॉक्टरांनी मला मोकळेपणाने सांगितले, की गिनीपिग त्यांच्याकडे क्वचित येतो आणि आला तर बहुधा उशिराच येतो, कारण हा प्राणी आजार लपवतो. खाणे बंद झाले म्हणजे प्रकरण पुढे गेले असे समजावे. नागपुरात १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याची चिकित्सालये आहेत, आणि शहरात लहान प्राणी पाहणारे खाजगी डॉक्टरही मिळतात. प्राणी आणण्याआधी त्यांतील एकाचा पत्ता आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. एक गोष्ट मात्र त्या डॉक्टरांनी दोनदा बजावली आणि ती मी येथे एकदा तरी ठळकपणे लिहिलीच पाहिजे: घरात मुलासाठी आणलेल्या औषधांतून उरलेले अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचे कोणतेही औषध गिनीपिगला किंवा हॅमस्टरला तोंडातून कधीही देऊ नये. त्याने आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावतो. मुलाला खोकल्यावर दिले म्हणून प्राण्यालाही अर्धी गोळी देणारे आईबाप पुष्कळ असतात.

माणसाच्या बाजूनेही थोडी काळजी लागते. गिनीपिगच्या अंगावरून मुलाला गजकर्ण होऊ शकते, कृंतकांच्या विष्ठेतून पोटाचे विकार होऊ शकतात. तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुणे, आणि पाच वर्षांखालील भावंडाच्या हाती प्राणी न देणे, हे नियम पाळावेत.

आपल्याकडे मुलाला जनावराची ओळख करून देण्याची एक फार जुनी आणि गोड रीत आहे, ती तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातली पोरे लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात, बोजारा मागतात, आणि त्या एका दिवसात बैलाचा मालक असण्याचा सगळा तोरा मिरवून घेतात. संध्याकाळी नंदी माळ्यावर जातो. त्याला कडबा लागत नाही, पाणी लागत नाही, आणि खरा बैल धुण्याचे, चारण्याचे काम वडील आणि काका करीत असतात. गिनीपिगच्या बाबतीतही व्यवहारात हेच घडते आणि ते मान्य करूनच प्राणी आणावा, असे मी म्हणेन. नऊ वर्षांच्या मुलाने सांबार द्यावा, पाणी बदलावे, गवत टाकावे. बिछाना साफ करणे, तब्येत पाहणे, वजन करणे आणि डॉक्टरकडे नेणे ही आईबापांचीच कामे. ‘तू सगळं करणार असशील तरच’ अशी कबुली मुलाकडून लिहून घेणारे एक वडील मला भेटले. कागद त्यांनी जपून ठेवला आहे, आणि पिंजरा रोज सकाळी तेच साफ करतात. उन्हाळ्याच्या सुटीत मूल मामाच्या गावी जाते. नेमक्या त्याच महिन्यात, जेव्हा प्राण्याला सर्वांत जास्त सांभाळावे लागते, तेव्हा त्याला कोणाच्या स्वाधीन करावयाचे, याची तजवीज आधीच झाली पाहिजे. शेजारच्या घरी कूलर आहे की नाही हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

दुकान निवडताना २०१८ च्या पाळीव प्राणी विक्री नियमांप्रमाणे त्याची नोंदणी आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. उत्तर टाळणाऱ्याकडून काही घेऊ नये. डोळ्यांत चिपडे, नाक ओले, बूड घाण, एकटाच कोपऱ्यात फुगून बसलेला असा प्राणी दयेपोटी उचलू नये, कारण त्याच्या जागी दुकानदार दुसरा आणून ठेवतो.

आणि आणावयाचाच, तर केव्हा? वाढदिवसाला नको, त्या दिवशी घरात वीस मुले असतात आणि प्रत्येकाला तो हातात हवा असतो. दिवाळीलाही नको. फटाक्याच्या आवाजाला हा प्राणी इतका भितो, की जाळीवर डोके आपटून घेतो, आणि नव्या घरात पहिल्याच रात्री असे झाले तर तो दिवसेंदिवस खात नाही. तुळशीचे लग्न उरकले, फटाके सरले, म्हणजे नागपूरचा रस्ता धरावा. तोवर हवेत गारवा आलेला असतो, बाजारात आंबिया बहाराची संत्री असतात, शिवारात गवत हिरवे असते. आणि मडके कोठे ठेवावे, बाटली केव्हा गोठवावी, वीज गेल्यावर कोण उठेल, हे सगळे ठरवून घेण्यास घराला चैत्रापर्यंत चार-पाच महिने मिळतात.